फळ गोळीऐवजी नको, पापडाऐवजी हवं!

"ए, माझं बीपी वाढवू नकोस हां!" हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसातून किती वेळा ऐकू येत असेल? सबमिशनच्या आदल्या रात्री कुणी जर्नल परत दिलं नाही की बीपी, व्हायव्हाला एक्स्टर्नल खडूस आला की बीपी, मॅचच्या शेवटच्या ओव्हरला बीपी. शब्द इतका गुळगुळीत झालाय की ते एका आजाराचं नाव आहे हेच आपण विसरलोय. गंमत म्हणजे खरं बीपी वाढतं तेव्हा ते असं ओरडून सांगत नाही. बहुतेकांचं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच होत नाही. वर्षानुवर्षं माणूस मजेत हिंडतो-फिरतो आणि एके दिवशी थेट अर्धांगवायू, हार्ट अटॅक नाहीतर किडनीचं दुखणं घेऊन दवाखान्यात पोचतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही विशीतली पोरं, आमचा काय संबंध? संबंध आहे मित्रांनो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं तरी होतं, नाहीतर ते त्याच्या गोळ्या तरी घेत होते. म्हणजे साधारण चारा-पाचांत एक. घरी आई, बाबा, काका, मावशी अशी बोटं मोजायला घ्या, पहिला हात संपायच्या आत एक जण सापडेल. आपली स्टाफरूम, लॅब, ऑफिस, मेसचं किचन, गेटवरची केबिन, कुठेही हाच हिशेब लागू पडतो.

आणि जिथे बीपी आहे, तिथे सल्ला आहेच! व्हॉट्सॲपवर रोज नवा फळवाला डॉक्टर जन्माला येतो. कुणी म्हणतो रोज पपई खा, आठ दिवसांत बीपी गायब. कुणी म्हणतो उपाशीपोटी नारळपाणी प्या. कुणी केळ्याचा फोटो टाकून खाली लिहितो की गोळ्या कचऱ्यात फेका. दुसऱ्या बाजूला काही लोक इतके शास्त्रीय की त्यांच्या मते फळं-बिळं सगळी थापेबाजी, गोळी घ्यायची आणि मग बिनधास्त भजी, फरसाण, लोणचं चालू ठेवायचं.

मला वाटतं, दोन्ही पार्ट्या अर्धंच बोलतायत. फळांचा बीपीवर परिणाम होतो हे खरं आहे. पण तो कुठे होतो, किती होतो आणि कुणाला होतो हे समजून घेतलं नाही तर त्याचा उपयोग कमी आणि उपद्रव जास्त. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, फळ हे गोळीच्या जागी बसणारी वस्तू नाही, ते पापडाच्या जागी बसणारी वस्तू आहे. हे कसं, ते आता बघू.

आपण सगळे इंजिनिअर (किंवा होऊ घातलेले), तेव्हा आपल्याच भाषेत बोलू. फर्स्ट इयरला घोकलेलं आठवतं ना, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स? शरीरात तोच हिशेब. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त पंप करतं तो करंट, आणि बारीक रक्तवाहिन्यांचा विरोध हा रेझिस्टन्स. दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रेशर. त्यात मेकॅनिकलवाल्यांना फ्लुइड मेकॅनिक्समधला आणखी एक नियम माहीत असेल. पाइपचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या फक्त १० टक्के कमी झाली तर विरोध जवळजवळ दीडपट! रक्तवाहिनी काही जीआय पाइप नाही, ती लवचिक असते, त्यामुळे हे गणित तिथे तंतोतंत बसत नाही. पण वाहिनी जरा आवळली की प्रेशर केवढं चढतं याचा अंदाज त्यावरून येतो.

आता यात मीठ काय करतं? मिठातलं सोडियम शरीरात साठलं की ते स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की रक्ताचा व्हॉल्यूम वाढला. शिवाय दीर्घकाळ जास्त मीठ खाल्लं की रक्तवाहिन्याही आवळतात. म्हणजे पंपावर लोड आणि पाइप अरुंद, दोन्हीकडून मार. पोटॅशियम बरोबर याच्या उलट वागतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की किडनीच्या नळ्यांमधला, सोडियम परत आत ओढून घेणारा पंप मंदावतो आणि जादा सोडियम लघवीवाटे बाहेर जातं. आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू पोटॅशियममुळे थोडे सैल पडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दुहेरी आहे. मोठ्या माणसाने दिवसाला सोडियम २ ग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे मीठ ५ ग्रॅमच्या आत, सपाट भरलेला एक छोटा चमचा. आणि पोटॅशियम मात्र किमान साडेतीन ग्रॅम पोटात जावं. आपल्या देशात वेगवेगळ्या पाहण्यांत माणशी मीठ साधारण ८ ते ११ ग्रॅम भरतं. म्हणजे जे निम्मं हवं ते दुप्पट जातं आणि जे भरपूर हवं ते कमी पडतं.

हे पोटॅशियम आपल्या उष्ण प्रदेशातल्या फळांत चांगलं असतं. अमेरिकेच्या शेतीखात्याचे तक्ते बघितले तर १०० ग्रॅम पेरूत ४०० मिलिग्रॅमच्या वर, केळ्यात सुमारे ३५०, सीताफळात अडीचशेच्या जवळपास, चिकू आणि पपईत १८० ते २००, आंब्यात १७०च्या आसपास आणि अननसात ११०. जात, माती आणि पिकण्याप्रमाणे हे आकडे मागे-पुढे होतात, पण क्रम साधारण लक्षात येतो. आणि सफरचंद? जेमतेम १०७!

मी कॉन्व्हेंटमधली. तिथे शिक्षणाची सुरुवातच 'ए फॉर ॲपल'पासून झाली. रोज एक सफरचंद खाल्लं की डॉक्टर लांब राहतो, हे वर्गाच्या भिंतीवर रंगीत चित्रासकट लावलेलं होतं. त्याच शाळेच्या गेटबाहेर एक आजी टोपलीत पेरू घेऊन बसायच्या, आणि ते 'अनहायजेनिक' म्हणून आम्हाला बंदी! आजही हॉस्पिटलमध्ये कुणाला बघायला जाताना आपण स्टिकर लावलेली महागडी सफरचंदं घेऊन जातो. सफरचंदाशी माझं भांडण नाही, खायला छान लागतं. पण जे फळ आपल्या मातीत पिकतं, स्वस्त मिळतं आणि पोटॅशियमच्या बाबतीत त्याच्या तिप्पट-चौपट आहे, त्याला आपण गरिबाचं फळ म्हणून बाजूला सारतो याचं वाईट वाटतं. केळी, आंबा आणि पपई यांच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. जळगावच्या केळीला आणि घोलवडच्या चिकूला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आणि आपल्या मेसच्या ताटात काय? पापड!

कुणी हुशार मित्र इथे लगेच हात वर करेल. पोटॅशियम काय फळांतच असतं का? बटाट्यात आहे, पालकात आहे, डाळीत आहे. एकदम बरोबर! पण भाजी आणि डाळ आपल्यापर्यंत येते ती मीठ घालूनच. शिवाय शिजवलेलं पाणी ओतून दिलं तर पोटॅशियम त्याबरोबर सिंकमध्ये. फळाचं तसं नाही. १०० ग्रॅम केळ्यात सोडियम असतं सुमारे एक मिलिग्रॅम, म्हणजे नसल्यासारखंच. फळ ही आपल्या दिवसभराच्या खाण्यातली बहुधा एकमेव गोष्ट आहे जी पोटॅशियम घेऊन येते आणि मीठ घेऊन येत नाही. माझ्या मते फळाचं खरं महत्त्व इथे आहे.

पण आपली जीभ मोठी हुशार. पेरू घेतला की पहिला प्रश्न, "तिखट-मीठ लावू का?" कैरी मिठाबरोबर, अननसावर चाट मसाला, कोकम सरबतात मीठ, आवळा मिठात वाळवलेला, आणि आंब्याचं तर आपण थेट लोणचंच घालतो. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. म्हणजे १०० ग्रॅम पेरूवर सढळ हाताने एक ग्रॅम मीठ भुरभुरवलं की जेवढं पोटॅशियम आलं जवळजवळ तेवढंच सोडियमही आलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. केळ्याच्या वेफर्सची कथाही तीच, फक्त तेलात तळलेली. मी काही तिखट-मीठावर बंदी घाला म्हणत नाहीये, तेवढं पाप माझ्याकडून होणार नाही. पण तो पेरू 'बीपीसाठी' खातोय असं म्हणू नका एवढंच.

आता पुराव्याकडे वळू, कारण प्रूफशिवाय आपल्याला मार्क मिळत नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकेत 'डॅश' नावाचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. ४५९ माणसांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं अमेरिकन जेवण, दुसऱ्याला भरपूर फळं आणि भाज्या, तिसऱ्याला फळं, भाज्या, कमी फॅटचं दूध-दही आणि एकूणच कमी चरबी. आठ आठवडे सगळ्यांचं मीठ सारखं ठेवलं आणि वजनही बदलू दिलं नाही. पहिल्या गटाशी तुलना केली तर नुसत्या फळभाज्यांच्या गटात वरचं बीपी सरासरी २.८ ने जास्त उतरलं, आणि तिसऱ्या गटात ५.५ ने. ज्यांना आधीच हाय बीपी होतं त्यांच्यात तिसऱ्या आहाराने ११.४ ने. हे आकडे नीट बघा. परिणाम आहे, नक्की आहे. पण तो एका फळाचा नाही, अख्ख्या ताटाचा आहे. आणि ज्याचं बीपी १७० आहे त्याचं फळांनी १२० झालं असं त्यात कुठेही नाही.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. १९८८ मध्ये 'इंटरसॉल्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतली ५२ ठिकाणं आणि दहा हजारांवर माणसं. त्यात ब्राझीलच्या जंगलात राहणारे यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. भाजीची केळी आणि कंद हे त्यांचं मुख्य अन्न. त्यांचं सरासरी बीपी निघालं ९५/६१च्या आसपास, आणि वय वाढलं तरी ते वाढत नव्हतं! आपल्याकडे 'वय झालं की बीपी वाढायचंच' असं आपण गृहीतच धरतो. अर्थात हे लोक दिवसभर चालतात, शिकार करतात, अंगाने सडपातळ असतात, त्यामुळे सगळं श्रेय केळ्याला देऊन मोकळं होता येणार नाही. पण मीठ नाही आणि फळं-कंद भरपूर, हे समीकरण त्यात आहेच.

तिसरं उदाहरण चीनमधलं. ६०० खेडी, जवळजवळ २१ हजार माणसं, त्यातली बरीचशी आधी स्ट्रोक येऊन गेलेली, बाकीची साठीच्या पुढची आणि हाय बीपीवाली. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ, उरलेल्या निम्म्यांत असं मीठ की ज्यातला पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. जवळजवळ पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. बदललेल्या मिठाच्या खेड्यांत स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. सोडियम थोडं कमी आणि पोटॅशियम थोडं जास्त, एवढ्याच बदलाने माणसं वाचली. आपल्या ताटातला पापड काढून तिथे केळं ठेवणं हा याच विचाराचा घरगुती प्रकार आहे.

आता उलटी बाजू. एका विशिष्ट फळाचं नाव घेऊन जे दावे केले जातात ते तपासले की गाडी अडखळते. नारळपाण्याने बीपी उतरतं म्हणून त्रिनिदादच्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. तो २००५चा. त्यात माणसं होती २८, तीही चार गटांत वाटलेली, आणि प्रयोग दोन आठवड्यांचा. आपल्या हॉस्टेलच्या एका विंगमध्ये याहून जास्त पब्लिक आहे! पेरूबद्दल आपल्याच देशातल्या मुरादाबादमध्ये १९९०च्या सुमारास प्रयोग झाले. त्यात पेरू खाणाऱ्यांचं बीपी चांगलंच उतरल्याचे आकडे आहेत. वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण पुढे शोधलं तर कळलं की त्याच संशोधकाच्या आहारावरच्या दुसऱ्या कामाबद्दल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' आणि 'लॅन्सेट' या दोन्ही मासिकांनी २००५ मध्ये जाहीर शंका नोंदवली होती. म्हणून पेरू वाईट ठरत नाही. पण 'संशोधनाने सिद्ध झालंय' असं कुणी म्हटलं की कुणाच्या, किती जणांवर, किती दिवस, हे तीन प्रश्न विचारायला शिकायला हवं. प्रॅक्टिकलला एकच रीडिंग घेऊन ग्राफ काढला तर सर जर्नल तोंडावर फेकतात, मग तब्येतीच्या बाबतीत आपण एका फॉरवर्डवर का विश्वास ठेवतो?

याचा अर्थ झाडपाल्यात काही नसतं असा मुळीच नाही. मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा बीपीच्या पेशंटवर पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते बीपीवरचं महत्त्वाचं औषध होतं. पुढे त्याचे साइड इफेक्ट कळले, जास्त चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. डॉ. वकिलांनी 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणून टाळ्या घेतल्या नाहीत. त्यांनी पेशंट तपासले, बीपी मोजलं, नोंदी ठेवल्या. फॉरवर्ड करणारा आणि मोजणारा यांच्यात एवढाच फरक असतो.

हा फरक जिवावर कसा बेततो ते मी याच वर्षी पाहिलं. आमच्या ब्लॉकचे वॉचमन काका गेली काही वर्षं बीपीची गोळी घेतात. कुणीतरी त्यांना पपईचा व्हिडिओ पाठवला. काकांनी तीन आठवडे गोळी बंद केली आणि रोज सकाळी मनोभावे पपई खाल्ली. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणायचे, "ताई, एकदम हलकं वाटतंय बघा." डिस्पेन्सरीत दुसऱ्याच कामासाठी गेले होते तेव्हा सिस्टरनी सहज पट्टा बांधला. १८०/११०! सिस्टरच घाबरल्या. मी नंतर काकांना विचारलं, असं का केलंत? त्यांचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, गोळी जन्मभर घ्या म्हणतात. पपई आपली गावाकडची, ओळखीची. आणि दर महिन्याला मेडिकलचं बिल कुणाला नको असतं?"

काकांना अडाणी म्हणून हसणं सोपं आहे. पण त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं की बीपी नॉर्मल आहे ते गोळी चालू आहे म्हणून. गोळी घेऊन १३०/८० आलं म्हणजे आजार बरा झाला असं नाही, धरण बांधल्यामुळे पूर येत नाही म्हणून कुणी धरण पाडतं का? आणि पैशाचं म्हणाल तर बीपीच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळण्याची सोय आहे, जनऔषधी दुकानात त्या बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत. ही माहिती काकांपर्यंत पोचायच्या आधी पपई पोचली, हा दोष पपईचा नाही आणि काकांचाही नाही. शिकलेल्या लोकांचा आहे, म्हणजे आपला सगळ्यांचा.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. फळं सगळ्यांना सारखी चालत नाहीत. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांना जादा पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, शरीरातलं पोटॅशियम मुळातच थोडं वाढवतात. किडनी ठणठणीत असेल तर या गोळ्यांबरोबर रोजचं केळं खायला सहसा हरकत नसते. पण किडनीचा त्रास असेल तर केळी, नारळपाणी आणि ते पोटॅशियमवालं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. कोकणात आणि गोव्यात मिळणारं चांदणीच्या आकाराचं करमल, म्हणजे कमरख, किडनीच्या पेशंटला विषासारखं बाधू शकतं. न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. त्यातलं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये शोधून काढलं.

ग्रेपफ्रूटची गोष्ट तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. कॅनडातले संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषधाचं प्रमाण भलतंच वाढलेलं सापडलं. गुन्हेगार दारू नव्हती, रस होता! आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम त्या रसाने बंद पडतं. हे १९८९ मध्ये जगाला कळलं. गणपतीत आपल्या बाजारात येणारं पपनस हे त्याच घराण्यातलं, त्यातही तशीच द्रव्यं आढळतात. म्हणून काही गोळ्या घेणाऱ्यांनी तेही विचारूनच खावं. ज्या वस्तूत परिणाम करायची ताकद आहे तिच्यात अपाय करायचीही असते, एवढं समजलं तरी खूप झालं.

मग आपण करायचं काय? आपल्यासारख्या विशीतल्या, किडनी धडधाकट असलेल्या मुलामुलींना तर यातली कुठलीच अडचण नाही. आपली अडचण वेगळी आहे. आपण दिवसभरात मीठ किती खातो ते एकदा मोजा. मेसमध्ये पापड, ज्यात मीठ असतंच, शिवाय पापडखारही सोडियमचाच. बरोबर लोणचं. संध्याकाळी टपरीवर वडापाव नाहीतर भेळ. रात्री अभ्यासाच्या नावाखाली इन्स्टंट नूडल्स. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, आज रात्री पाणी उकळेपर्यंत तो वाचा. दिवसाच्या कोट्यातला केवढा मोठा हिस्सा त्या एका मसाल्याच्या पुडीत असतो ते बघून झोप उडेल, अभ्यासही होईल! आणि फळ? मेसमध्ये रविवारी फीस्टला फ्रूट सॅलड, तेही कस्टर्ड आणि साखरेत बुडालेलं.

माझा प्रस्ताव साधा आहे. मेस कमिटीने आठवड्यातले निदान पाच दिवस दुपारच्या जेवणातला पापड बंद करून त्याऐवजी एक फळ द्यावं. बहुतेक दिवस केळं, सीझनप्रमाणे पेरू, पपईची फोड, चिकू, संत्रं. लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून काउंटरवर ठेवावी, ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. आपण इतके आळशी आहोत की निम्मं लोणचं तिथेच वाचेल.

विरोध होणार हे मला माहीत आहे. पहिला मुद्दा पैशाचा. पण एक केळं साधारण वेफर्सच्या छोट्या पाकिटाच्या किमतीत येतं, आणि रोज घाऊक खरेदी केली तर आणखी कमी. दुसरा मुद्दा, केळी काळी पडतात, वाया जातात. त्याला उपाय म्हणजे दोन दिवसांआड माल आणायचा, थोडा कच्चा थोडा पिकलेला, आणि फ्रिजमध्ये कोंबायचा नाही. तिसरा मुद्दा आमच्या रूममेटचा, केळ्याने सर्दी होते. तिला मी पेरू सुचवला आहे. चौथा मुद्दा गंभीर आहे, फळांतल्या साखरेचं काय? अख्खं फळ चावून खाल्लं तर त्यातला चोथा साखर हळूहळू रक्तात सोडतो. ज्यूस केला की चोथा गेला, वर दोन चमचे साखर आली, म्हणून मी ज्यूस सेंटर नाही, फळ मागतेय. ज्या स्टाफला डायबिटीस आहे त्यांनी किती खायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.

दुसरी विनंती डिस्पेन्सरीला. महिन्यातून एक दिवस मेसच्या दारात बीपी मोजायची सोय करा. विद्यार्थी, सर, मॅडम, मेसचे काका, मावशी, वॉचमन, माळी, सगळ्यांसाठी. पाच मिनिटं शांत बसवून, चहा-सिगरेट न घेता, एकदा नाही तर दोनदा मोजा. १२०/८०च्या आत असेल तर उत्तम. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टरकडे पाठवा. मशीनला भाव, चेहरा, पगार काही कळत नाही, ते सगळ्यांना सारखाच आकडा दाखवतं.

आणि तिसरी विनंती तुम्हाआम्हाला. घरी आई-बाबांना, इथे काकांना आणि मावशींना फळाचा फॉरवर्ड पाठवायच्या आधी फक्त एक ओळ खाली टाइप करा, 'गोळी चालूच ठेवा'. एवढ्या एका ओळीने कुणाचा तरी झटका टळू शकतो. वॉचमन काकांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे, पपईही चालू आहे, आणि परवाच्या मोजणीत आकडा पुष्कळ खाली आलाय. दोघींचं भांडण लावायची गरजच नव्हती.

मेस कमिटीची पुढची मीटिंग या सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. पापडाच्या बाजूने बोलणारे खूप येतील, त्यांचा आवाजही कुरकुरीत असेल. केळ्याच्या बाजूने बोलायला मी जाणार आहे. तुम्हीही या. मतदान होणार आहे आणि हात मोजले जाणार आहेत!